मुलकी कोण? : मराठवाड्यातील रहिवास, भाषा आणि आपलेपण

'मुलकी' हा शब्द आजच्या मराठी वाचकाला 'मुलकी प्रशासन', 'मुलकी पाटील' अशा जोडशब्दांतूनच भेटतो. लष्करी नाही ते मुलकी, महसुलाशी संबंधित ते मुलकी, एवढाच त्याचा अर्थ आता शिल्लक राहिला आहे. नांदेड, लातूर, परभणी, बीड या भागांतल्या मागच्या पिढ्यांनी मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने ऐकला होता. या मुलखाचा तो मुलकी, बाहेरून आलेला तो गैरमुलकी. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीचा दरवाजा कोणासाठी उघडायचा, हे या शब्दाच्या आधारे ठरत असे.

भाषा आणि अस्मिता यांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा मुंबईत येणारे परप्रांतीय, बेळगावचा सीमाप्रश्न आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा या तीन संदर्भांभोवती फिरते. मराठवाड्याचा अनुभव या तिन्हींहून वेगळा आहे. येथे अर्ध्या शतकाच्या आत आपलेपणाच्या दोन अधिकृत व्याख्या लागू झाल्या. पहिली रहिवासाची आणि दुसरी भाषेची. दोन्ही व्याख्यांमागे न्याय्य मागणी होती आणि दोन्हींनी काही माणसांना दाराबाहेर उभे केले. हा इतिहास पाहिला की आम्हांला असे वाटते की समान भाषा ही एकत्र राहण्याची पूर्वअट म्हणून पुढे आली, तेव्हा येथे माणसे दुरावली. एकत्र राहण्यातून ती घडत गेली, तेव्हा मात्र ती टिकली. हे विधान तपासून पाहण्यासाठीच हा लेख आहे.

एक राज्य, चार भाषा

१९०१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानातील सुमारे ४६ टक्के लोक तेलुगू, २६ टक्के मराठी, १४ टक्के कन्नड आणि १० टक्के उर्दू बोलणारे होते. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. म्हणजे बहुसंख्य प्रजेसाठी एक परकी भाषा गेली आणि दुसरी आली. फरक इतकाच, की नवी भाषा बाजारात कानांवर पडणाऱ्या दखनीची नात्यातली होती.

या बदलाला स्थलांतराची बाजू आहे, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पहिल्या सालारजंगांनी कारभाराची घडी नव्याने बसवताना उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणवले. पुढे अलीगढच्या चळवळीत नावारूपाला आलेले मोहसिन-उल-मुल्क आणि विकार-उल-मुल्क हे त्यांपैकीच. उर्दूतील आरंभीचे कादंबरीकार नझीर अहमद हेही काही काळ हैदराबादच्या सेवेत होते. या मंडळींनी प्रशासन सुधारले, पण मोठ्या जागाही त्यांच्याकडेच गेल्या. साहजिकच स्थानिक उमरावांत आणि सुशिक्षितांत असंतोष निर्माण झाला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की हा असंतोष भाषिक नव्हता. तक्रार करणारे आणि ज्यांच्याविषयी तक्रार होती ते, दोघेही उर्दूच लिहीत-बोलत होते आणि दोघेही बहुतांशी एकाच धर्माचे होते. समान भाषा आणि समान धर्म असूनही 'आपला' आणि 'परका' ही रेषा आखली गेली.

या असंतोषातून मुलकी नियम आकाराला आले. १९१९ च्या फर्मानाने त्यांना निश्चित रूप मिळाले. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला मुलकी. तसेच किमान पंधरा वर्षे येथे राहून, आपल्या मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणाराही मुलकी. या व्याख्येत भाषेचा उल्लेख नाही, धर्माचा नाही, जातीचाही नाही. आजच्या दृष्टीने पाहिले तर ती विलक्षण उदार वाटते. कंधारचा मराठी शेतकरी, निजामाबादचा तेलुगू विणकर आणि हैदराबादेतील अरब शिपाई यांना ती एकाच शब्दात बसवते.

पण ही उदारता दारापाशीच संपत होती. मुलकी ठरलेल्या माणसाला नोकरी हवी असेल, तर अर्ज, परीक्षा आणि कचेरी यांची भाषा उर्दूच होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली. देशी भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याचा तो भारतातला पहिला मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी उभारलेल्या भाषांतर विभागाचे काम आजही अभ्यासण्यासारखे आहे. मराठीतून उच्च शिक्षण द्यावे असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी त्या प्रयोगाला मान दिला पाहिजे. मात्र ज्या देशी भाषेचा हा गौरव होता, ती दहांपैकी नऊ प्रजाजनांच्या घरातली नव्हती. व्याख्येने सर्वांना आत घेतले आणि भाषेने त्यांतील बहुतेकांना ओसरीवरच बसवले.

१९२१ ची सभा

भाषिक अन्यायाची ही कहाणी सांगताना आपण स्वतःला नेहमी अन्यायग्रस्तांच्या रांगेत उभे करतो. म्हणून पुढील प्रसंग मराठीच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबाद शहरात, मराठी मंडळींनी चालवलेल्या विवेकवर्धिनी संस्थेच्या नाट्यगृहात, संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. उर्दू, मराठी, इंग्रजी या भाषांतली भाषणे सभेने ऐकून घेतली. आलमपल्ली वेंकटरामराव या वकिलांनी तेलुगूतून बोलण्यास आरंभ करताच सभागृहात हशा आणि गोंगाट झाला व त्यांना बोलू देण्यात आले नाही. संस्थानात सर्वांत अधिक लोक जी भाषा बोलत होते, तीच सुधारकांच्या सभेत हास्यास्पद ठरली.

त्याच सुमारास अपमानित झालेल्या तेलुगू मंडळींनी एकत्र येऊन आंध्र जनसंघ स्थापन केला. पुढे त्याचीच आंध्र महासभा झाली आणि तेलंगणाच्या राजकीय जागृतीचा पाया तिने घातला. सरकारी उर्दूच्या वर्चस्वाइतकाच त्या आरंभाला निमित्त झाला तो शेजाऱ्याचा हशा, आणि त्या शेजाऱ्यांत मराठी माणसे होती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले कर्वे अध्यक्ष असतानाही हे घडले, यावरून इतकेच दिसते की सुधारणेची दृष्टी आणि भाषिक औदार्य या दोन गोष्टी एकमेकींच्या हाताला धरून येतातच असे नाही. आपल्या भाषेला मान मागणारा समाज दुसऱ्याच्या भाषेचा मान राखेल, हे गृहीत धरता येत नाही.

परिषदा आणि एक गैरमुलकी संन्यासी

यानंतर संस्थानातील राजकीय जीवन भाषावार परिषदांतून वाढले. तेलुगू भागात आंध्र महासभा, कन्नड भागात कर्नाटक परिषद आणि मराठी भागात महाराष्ट्र परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे झाले. उघड राजकीय संघटनेला वाव नसलेल्या राज्यात भाषेच्या निमित्ताने माणसे एकत्र येऊ शकत होती. म्हणजे भाषा येथे अस्मितेचे चिन्ह होण्याआधी नागरिक म्हणून बोलण्याची जागा झाली.

मात्र या परिषदांत घडलेले कार्यकर्ते भाषेच्या कुंपणात राहिले नाहीत. १९३८ साली वंदे मातरम् गाण्यावरून वसतिगृहांत संघर्ष झाला. औरंगाबादच्या महाविद्यालयात पेटलेली ही ठिणगी उस्मानिया विद्यापीठात पोचली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली ही मुले उर्दू माध्यमातून शिकलेली होती आणि आता परप्रांतात विद्यार्थी म्हणून गेली होती. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. अनेक भाषा सहजपणे हाताळणाऱ्या या पिढीची जडणघडण समजून घ्यायची तर तिच्या या सक्तीच्या बहुभाषिकतेचाही विचार करावा लागतो.

या लढ्याचे नेतृत्व ज्यांच्याकडे आले, ते स्वामी रामानंद तीर्थ मुलकी नव्हते. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे, मुंबई इलाख्याच्या कन्नड मुलखात जन्मले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, त्यांनी शिक्षक म्हणून काम केले. मुलकी नियमांच्या काटेकोर मोजमापात ते बाहेरचे होते. भाषावार राज्याच्या मोजमापातही त्यांची जन्मभूमी महाराष्ट्राबाहेरच पडते. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून. १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेव्हा त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. मराठवाड्याने ज्याला सर्वांत आपला मानले, तो जन्माने या प्रांतातला नव्हता, ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत क्वचितच अधोरेखित होते.

१९४८ : व्याख्या बदलली

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी वऱ्हाडात आणि सोलापूरच्या बाजूला आश्रय घेतला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करीत होता, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईने निजामी राजवट संपली आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन झाला.

त्यापुढचे पान मात्र आपण घाईने उलटतो. कारवाईच्या वेळी आणि नंतर सामान्य मुसलमानांवर जे सूड उगवले गेले, त्यांच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे पथक भारत सरकारने पाठवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे त्यांनी नोंदवले. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मृतांचा त्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांगर धरलेली, दखनी बोलणारी, मुलकी नियमांनुसार पक्की मुलकी असलेली माणसे काही आठवड्यांत परकी ठरली. त्याच काळात, निजामाच्या सेवेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांपैकी अनेकांना ताब्यात घेऊन परत पाठवण्यात आले. त्यांतील काहींच्या बायका-मुलांची घरची भाषा दखनी होती. रहिवासाची व्याख्या मोडली, ती अशी.

रझाकारांचे अत्याचार सांगणे आणि हे सांगणे यांत विरोध नाही. एका दुःखाची नोंद दुसऱ्याचे खंडन करीत नाही. मुक्तिसंग्रामाच्या मराठी साहित्याचा अभ्यास करताना ही दोन्ही पाने एकत्र वाचली नाहीत, तर आपण अर्धाच मराठवाडा वाचतो.

रेषा कोठून गेली

१९४८ नंतर मुंबई, मद्रास, मध्य प्रांत येथून अधिकारी आणि शिक्षक आले. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये गैरमुलकींविरुद्धचे आंदोलन हैदराबाद शहरात गोळीबारापर्यंत गेले. तेलंगणात मुलकी नियमांचा वाद पुढे १९७० च्या दशकापर्यंत चालला. आंध्र आणि तेलंगण यांची भाषा एकच असूनही तो मिटला नाही आणि २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. भाषावार राज्याच्या तत्त्वाला मिळालेले हे मोठे प्रत्युत्तर आमच्या शेजारीच घडले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. हे विभाजन आवश्यक होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. स्वामीजींनीही त्याचा पुरस्कार केला होता. परंतु राज्य पुनर्रचना कायद्याची कलमे वाचली म्हणजे रेषा आखण्यातली अडचण कळते. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले वगळून नांदेड जिल्हा मराठी भागाकडे आला. आदिलाबादचे किनवट व राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल इकडे आले. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठवाड्यात आले. भालकी, औराद तिकडे राहिले. एखाद्या सर्कलातील बहुसंख्यांची भाषा कोणती, हा प्रश्न विचारून उत्तर मिळाले; पण एका माणसाच्या भाषा किती, हा प्रश्न त्या रीतीत बसत नव्हता. किनवटच्या डोंगरातल्या गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांसाठी तर तेलुगू-मराठी या वादात स्वतःची अशी बाजूच नव्हती.

सहवासातून घडलेली भाषा

आता दुसरी बाजू पाहू. नांदेड हे वस्तुतः आलेल्यांचे शहर आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे आले, येथेच त्यांचे देहावसान झाले आणि ग्रंथाला गुरुपद मिळाले. पुढे रणजितसिंगांच्या काळात तख्ताची इमारत उभी राहिली. येथील दखनी शीख पिढ्यान्‌पिढ्या पंजाबीसोबत दखनी हिंदी आणि मराठी बोलत आले. ज्या ग्रंथाला येथे गुरुपद मिळाले, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ज्या नरसी गावाशी परंपरा नामदेवांचे नाव जोडते, ते नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. मराठी संताचा शब्द पंजाबात गेला आणि चार शतकांनी ग्रंथरूपाने गोदाकाठी आला. या जाण्यायेण्यात कोणी कोणाकडे भाषेचा दाखला मागितला नव्हता.

तेलुगू भागातून आलेले पद्मशाली विणकर नांदेडात स्थिरावले. त्यांच्या घरात तेलुगू आणि व्यवहारात मराठी अशी वाटणी अजूनही आढळते. लातूर-उदगीरकडच्या लिंगायत घरांत कन्नडचे नाते आहे, आणि त्याच परंपरेतील मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीत लिहिले. दखनीने मराठीकडून 'नको'चे 'नक्को' घेतले आणि जोर देणारा 'च' घेऊन 'मैंच' केले. मराठीने तिच्या नातलगांकडून वकील, फिर्याद, जमीन, तारीख घेतले. आणि मराठी गद्याच्या प्रारंभी ज्यांची लीळा आहे, ते चक्रधरस्वामी महानुभाव परंपरेनुसार गुजरातेतून, भडोचहून आलेले. मराठी त्यांची जन्मभाषा नव्हती, तरी तिच्या पहिल्या महत्त्वाच्या गद्यग्रंथाचा आशय त्यांच्या वाणीतून आला. 'लीळाचरित्र' अभ्यासक्रमात लावताना आपण त्याचे प्राचीनत्व सांगतो. त्याच्या केंद्रस्थानी एक स्थलांतरित आहे, हेही सांगितले पाहिजे.

आजचे प्रश्न

हा इतिहास केवळ मागचा नाही. २०१८ च्या सुमारास धर्माबाद तालुक्यातील काही गावांच्या सरपंचांनी आपली गावे तेलंगणात घ्यावीत अशी मागणी केली, ती तिकडच्या शेतीविषयक योजनांकडे पाहून. मराठी बोलणारी ही माणसे मराठीवर रुसली नव्हती. समान भाषेच्या राज्यात समान वाटा मिळेल, हे १९५६ चे आश्वासन त्यांनी पडताळून पाहिले इतकेच. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. एकाच गोरमाटी बोलीच्या नातलगांची सरकारी ओळख त्या रेषेमुळे बदलते.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन कागदांतील कुणबी नोंदी शोधू लागली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर पुन्हा चर्चेत आले. आरक्षणाच्या प्रश्नावर येथे मत देण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट आम्हां भाषेच्या अभ्यासकांच्या कक्षेतली आहे. आपले पणजोबा कोण होते याचा पुरावा ज्या लिपींत आहे, त्या उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. परकी भाषा म्हणून जी आपण मागे टाकली, तिच्यातच आपला दाखला अडकला होता.

वर्गातही हेच घडते. आमच्या नांदेड-लातूरच्या वर्गांत घरी गोरमाटी, तेलुगू, दखनी किंवा कन्नड बोलणारी मुले मराठी घेऊन पदवी मिळवतात. घरी मराठीच बोलणारा मुलगाही 'काय करलालास' म्हणतो आणि वर्गात आल्यावर गप्प बसतो, कारण तेथे हसू होते. १९२१ च्या सभेतला हशा तेवढ्यापुरता नव्हता. तो दरवर्षी जून महिन्यात महाविद्यालयांत नव्याने ऐकू येतो. प्रमाणभाषा शिकवणे हे आमचे कामच आहे. पण ती शिकण्यापूर्वी विद्यार्थ्याला बोलू देणे, हे त्याहून आधीचे काम आहे.

काही गोष्टी तर सहज करण्यासारख्या आहेत. पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्याला मोडीबरोबर उर्दू लिपीची ओळख करून देता येईल. सीमेवरच्या बोलींचे संकलन प्रकल्प म्हणून देता येईल, आणि ते करताना ज्याच्या घरात ती बोली आहे, त्याला माहितीचा स्रोत न समजता अभ्यासक मानता येईल. मुक्तिसंग्रामावरील आत्मकथने शिकवताना सुंदरलाल अहवाल शेजारी ठेवता येईल. यासाठी नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात असलेल्या, मराठी, कन्नड आणि दखनी एकत्र नांदणाऱ्या गावात मराठीचा हा उत्सव झाला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मुलकी नियमांत पंधरा वर्षांच्या रहिवासाची आणि परत न जाण्याच्या प्रतिज्ञेची अट होती. भाषेचा उल्लेख त्यांत नव्हता, आणि दरबारची भाषा मात्र एकच होती; ते राज्य या विसंगतीतून सुटू शकले नाही. आपल्या भाषिक राज्याची विसंगती उलटी आहे. भाषा सर्वांची आहे असे आपण म्हणतो, आणि ती वेगळ्या वळणाने बोलणाऱ्याला रहिवासी मानायला कचरतो. ही दुसरी विसंगती दूर करणे पुष्कळसे भाषेच्या शिक्षकांच्या हाती आहे.